डावा म्हणजे कुणाचा डावा?

१. गहाळ भाग

बासष्ट नंबर जागेवर नव्हता.

एकसष्ट होता, त्रेसष्ट होता आणि दोघांच्या मधे चार बोटं रुंदीची फट. मी चष्मा काढून बाहीला पुसला, परत लावला. फट तशीच.

"काय झालं?" मागून मुलगा.

"काल पाच वाजता मी कपाट बंद केलं तेव्हा होतं. आज नाही."

कुठलं, असं त्याने विचारलं नाही. तो गॅरेजच्या दाराकडे वळला आणि ओरडला, "मिस्त्री!"

कालपर्यंत तो त्यांना मिस्त्रीकाका म्हणत होता.

२. काम सुरू करण्यापूर्वी

मी जुन्या छापील कागदांचं मोल करते. नकाशे, कॅटलॉग, यंत्रांची पुस्तकं. विकणाऱ्याला वाटतं मी कमी सांगते, घेणाऱ्याला वाटतं जास्त सांगते, आणि दोघंही चहा अर्धाच कप देतात. या घराची बेल वाजवली तेव्हा दार वहिनींनी उघडलं. वहिनी म्हणजे उस्तादांच्या पत्नी. गॅरेजमधले सगळे त्यांना वहिनीच म्हणतात, मीही तेच धरलं.

"कामाला बाई नकोय," त्या म्हणाल्या.

"मी मोल करायला आलेय."

"तेच म्हणतेय. मोलकरीण आहे आमच्याकडे."

या विनोदावर मी वीस वर्षं हसत आले. आता नुसतं ओळखपत्र दाखवते.

उस्ताद तीन महिन्यांपूर्वी गेले. गाड्या दुरुस्त करणारा त्यांच्या तोडीचा माणूस आसपास नव्हता, असं सगळेच सांगतात. कुठल्याही देशातली, कुठल्याही सालातली गाडी असो, उस्ताद उघडायचे आणि परत बसवायचे. पुस्तकं तोंडपाठ, म्हणे. एकशे चौदा दुरुस्ती-पुस्तिका, सगळ्या परक्या भाषेतल्या, मागच्या खोलीतल्या कपाटात ओळीने. सगळ्यांना एकाच खाकी कागदाचं कव्हर, आणि पाठीवर एक अक्षर नाही.

मुलगा नोकरीला दुसऱ्या गावी. त्याचा बेत सरळ होता. पुस्तिका एका संग्राहकाला विकायच्या आणि गॅरेज मिस्त्रींच्या हाती द्यायचं. मिस्त्री सोळाव्या वर्षी इथे लागले, आता छप्पन्नचे आहेत. करारावर शनिवारी सह्या व्हायच्या होत्या. आज शुक्रवार.

गाडीच्या पुस्तिकेचं मोल दोन तऱ्हेने होतं. गाडी नुसती बाळगणाऱ्याला कोरी पुस्तिका हवी असते. गाडी चालती करणाऱ्याला मळलेली चालते, कारण कुठलं प्रकरण जास्त मळलंय त्यावरून त्या गाडीचं दुखणं कळतं. ब्रेकची पानं काळीकुट्ट असतील तर पुस्तिका घ्यावी, गाडी घेऊ नये.

उस्तादांच्या पुस्तिकांवर तेलाचा एक ठिपका नव्हता. हात धुऊनच शिवायचे, असं घरच्यांनी सांगितलं. मी लिहून घेतलं. दमलेला माणूस सांगितलेलं लिहून घेतो.

*क्र. ६२. तीन टनी ट्रक, कारखान्याची मूळ दुरुस्ती-पुस्तिका. पृष्ठे ४१६. बांधणी घट्ट. तेलाचे डाग नाहीत. कडा वाफेने किंचित फुगलेल्या. समासात पेन्सिलीच्या टिपा, आपल्या भाषेत, बारीक सुबक अक्षर. टिपांमध्ये डावे-उजवे सर्रास चुकलेले. मोल त्यामुळे कमी करावे लागेल. उद्या पानन् पान बघणे.*

हे कार्ड काल चहाच्या वेळी मी मोठ्याने वाचून दाखवलं. संग्राहक, मुलगा, मिस्त्री आणि वहिनी, चौघंही समोर होते. सवय वाईट, पण त्यामुळे नंतरचे वाद वाचतात.

या वेळी वाचला नाही.

३. खोलणे

संग्राहक गृहस्थ पुस्तकं हातमोजे घालून उघडतात आणि माणसांशीही तसंच बोलतात.

"माझ्याकडे बघू नका," ते म्हणाले. "मी चारला निघालो. तुम्ही कपाट पाचला लावलंत."

"तुमच्याकडे बघत नाहीये. खुर्ची बघतेय, बसायला."

त्यांनी खुर्ची पुढे केली. "मला अख्खा संग्रह हवाय. त्यातलं एक गेलं की पुढचा दात पडल्यासारखं दिसतं. आणि खरं सांगू? छापील भाग मला दुसरीकडेही मिळेल. मला टिपा हव्यात. काचेखाली ठेवणार, शेजारी उस्तादांचा फोटो. शाळेत न गेलेल्या माणसाने परकी भाषा स्वतःची स्वतः शिकून हे लिहिलं!"

"शाळेत गेले नव्हते?"

"मिस्त्रीच सांगत होते. एक दिवसही नाही."

त्यांचा हात यात नव्हता. वेळच जुळत नव्हती.

मुलाकडे कपाटाची किल्ली होती. दुसरी किल्ली गॅरेजमध्ये खिळ्याला. पण बासष्टशिवाय सौदा होणार नव्हता, आणि मुलाला सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. स्वतःच्याच सौद्यात तो खडा कशाला टाकेल? शिवाय आणखी एक गोष्ट होती. पुस्तिकांत मी नंबरच्या चिठ्ठ्या नुसत्या वर खोचल्या होत्या. पुस्तक जरा हललं की चिठ्ठी पडते. बासष्टची चिठ्ठी फळीवर पडली होती. बाकी एकही हललेली नव्हती.

म्हणजे नेणाऱ्याने शोधाशोध केली नाही. एकशे चौदा सारख्या, नाव नसलेल्या पाठींतून हवी ती पाठ ओळखली आणि ओढली.

"तूच सांग," मी मुलाला म्हटलं. "यातली ट्रकची कुठली ते तुला कळेल?"

"मला? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. बाबांनी कधी हात लावू दिला नाही." मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "पण चाळीस वर्षं इथे असलेल्या माणसाला कळेल. काल जाताना त्यांच्या काखेत पुडकं होतं. मी पाहिलंय. विचारलं तर तोंड उघडत नाहीत. बाई, दुपारपर्यंत पुस्तक मिळालं नाही तर मी पोलिसांना फोन करतो. आणि गॅरेजचं काय ते मग बघू."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. काही बोलल्या नाहीत.

४. आटे झिजले असल्यास

मिस्त्री एका उघड्या ट्रकच्या बंपरवर बसले होते. उजव्या हाताला तीनच बोटं. त्या तिघांत त्यांनी चहाचा ग्लास असा धरला होता की उरलेल्या दोघांची उणीव ग्लासालाही कळू नये.

"उजवेमिस्त्री, पुडक्यात काय होतं?"

"नुसतं मिस्त्री म्हणा. उजवे माझं आडनाव नाही."

"सगळे तर तेच म्हणतात."

"चिडवायचं नाव आहे. आता इतकं जुनं झालंय की पोरं पाकिटावर पत्त्यातही लिहितात." ते हसले. हसण्यात दम नव्हता. "सव्वीस वर्षं झाली. हाच ट्रक. म्हणजे हा नाही, याचा भाऊ. तेव्हा नवा होता, आमच्याकडे कुणी उघडला नव्हता. इंजिनच्या पुढच्या झाकणाला दोन मोठे बोल्ट, मागे ही एवढी स्प्रिंग दाबून बसवलेली. आधी डावा सोडायचा, म्हणजे ताण उतरतो. मी उजवा सोडला."

"आणि?"

त्यांनी हात वर केला. प्रश्नाचं उत्तर दिसलं.

"उस्ताद म्हणाले डावा. मला ऐकू आलं उजवा. इंजिनं चालू होती शेजारची. नंतर त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, मी डावा म्हटलं होतं. उस्ताद म्हणाले म्हणजे म्हणालेच असणार. आता नवीन पोरगं आलं की मी हात दाखवतो. म्हणतो, ज्याला डावं-उजवं कळत नाही त्याचं असं होतं."

"डावं-उजवं कळायला काय लागतं?"

"गिऱ्हाइकांना विचारा! समोर उभं राहून बोट दाखवतात, 'डावा दिवा गेलाय.' कुणाचा डावा? गॅरेजमध्ये डावा म्हणजे ड्रायव्हरचा डावा. त्याच्या सीटवर बसा आणि पुढे बघा. जगातल्या सगळ्या पुस्तकांत हाच हिशेब. पहिल्या दिवशी शिकवतो आम्ही."

माझ्या हातातल्या कार्डांच्या गठ्ठ्याकडे माझं लक्ष गेलं. *डावे-उजवे सर्रास चुकलेले.* हे मी नव्वदेक कार्डांवर लिहिलं होतं.

"उस्तादांची यात चूक व्हायची?"

"उस्तादांची?" ते खरोखर दुखावले. "बाई, मला चोर म्हणा, चालेल. त्यांना असं म्हणू नका."

"ते काम करताना पुस्तक जवळ ठेवायचे?"

"छे. गॅरेजमध्ये पुस्तक आलेलं मी पाहिलं नाही. डोक्यात असायचं सगळं. दोन बोल्ट सोडायचे, मान वर करायचे, खिडकीकडे बघायचे, परत खाली." त्यांनी भिंतीतल्या खिडकीकडे हनुवटी केली. गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्यामधली चौकोनी खिडकी, बरोबर ट्रकच्या नाकासमोर. "तिथे वहिनी उभ्या असायच्या. आम्ही पोरं हसायचो. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी उस्तादांची नजर हटत नाही म्हणायचो."

निघताना मी पुन्हा पुडक्याचं विचारलं. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि सीटखालून एक राखाडी स्वेटर काढला, कोपरांवर ठिगळं असलेला.

"उस्तादांचा. वहिनींनी दिला. आज घालायला आणला, पण छोट्याला वाटलं असतं, बापाचे कपडे मागायला लागलो म्हणून."

स्वेटर वहिनींनी दिला होता. मुलगा पुडक्यावरून पोलिसांपर्यंत पोचला तेव्हा वहिनी दारातच होत्या. एक वाक्य पुरलं असतं.

त्या बोलल्या नव्हत्या.

५. आवाज येत असेल तर

मी मागच्या खोलीत बसून चाळीस पुस्तिका उघडल्या. गुडघे कुरकुरत होते, पाठ कुरकुरत होती.

पुस्तकात 'डावा' छापलं असेल तिथे समासात पेन्सिलीने 'उजवा'. 'उजवा' असेल तिथे 'डावा'. मोटारसायकल असो, बस असो. चाळीसही पुस्तकांत एकदासुद्धा बरोबर नाही.

मी तिथेच थांबले. डावं-उजवं न कळणारा माणूस कधीतरी चुकून बरोबर येतो. शंभरात पन्नास वेळा तरी येतो. हा एकदाही आला नव्हता. ज्याला इतकं नेमकं चुकता येतं, त्याला सगळं ठाऊक असतं.

तेलाचा ठिपका नाही. कडा वाफेने फुगलेल्या. अठ्ठ्याहत्तर नंबरच्या कव्हरवर गरम भांड्याचं गोल वर्तुळ.

पुस्तकं गॅरेजमध्ये कधी आलीच नव्हती. ती शेगडीशेजारी उघडत होती.

मी मुलाला आणि संग्राहकांना गॅरेजमध्ये बोलावलं. मिस्त्रींना म्हटलं, ट्रकपाशीच उभे राहा. वहिनी खिडकीत भांडी पुसत होत्या.

"वहिनी," मी खालून म्हणाले, अगदी सहज, "या झाकणाचा डावा बोल्ट कुठला हो?"

त्यांनी मान वर केली नाही. हात मात्र वर झाला. आपोआप, ओल्या फडक्यासकट.

उजवा हात.

६. जोडणी खोलणीच्या उलट क्रमाने करावी

(हे वाक्य प्रत्येक पुस्तिकेत असतं. कुठल्याही मिस्त्रीला विचारा, ते खोटं आहे. जोडताना काहीतरी उरतंच.)

आधी कुणालाच कळलं नाही. मुलगा म्हणाला, "आई, तो उजवा."

"माझा उजवा," वहिनी म्हणाल्या. "गाडीचा डावा. गाडीचं तोंड माझ्याकडे आहे ना."

मग त्यांना स्वतःचा हात दिसला. त्यांनी तो हळूच खाली घेतला, दुसऱ्याचा असावा तसा.

"वहिनी," मी म्हटलं, "टिपा चुकलेल्या नाहीत. कुठला हात वर करायचा ते तुम्ही लिहून ठेवलंय. मी काल नव्वद कार्डांवर तुमची चूक काढली. माफ करा."

"आई, काय बोलतायत या? टिपा बाबांच्या आहेत."

"तुझे बाबा अंगठाबहाद्दर होते, बाळा." त्या ओट्याला टेकल्या. "सही मी शिकवली. तेवढीच. आदल्या दिवशी मी पुस्तक वाचायची, शब्दकोश घेऊन. मी शाळेत पहिली यायचे, तुला कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी इथे उभी राहायची. पुस्तक ओट्यावर, खालून दिसत नाही. इंजिनांच्या आवाजात ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं असतं तर पोरांनाही गेलं असतं. म्हणून हात. कुठली बाजू ते हाताने, किती आटे ते बोटांनी. मूठ वळली की थांबा. त्यांना एकदा दाखवलेलं पुरायचं. हात त्यांचे होते, ते काही खोटं नव्हतं."

संग्राहकांनी हातमोजे काढले. का, ते त्यांनाच माहीत.

"मग पुस्तक का लपवलंस?" मुलगा म्हणाला. "इतकं मोठं काम केलंस, आणि लपवतेस? मी तर..."

तो थांबला. वहिनी त्याच्याकडे बघतच नव्हत्या. त्या खिडकीतून खाली मिस्त्रींकडे बघत होत्या. मला तेव्हा बासष्ट नंबरची गाडी कुठली ते आठवलं. मिस्त्री कुठल्या गाडीच्या नाकाशी उभे होते तेही दिसलं.

वाटलं, गप्प बसावं. पुस्तक सापडल्यात जमा होतं, माझं काम झालं होतं. पण मुलगा मघाशी 'मिस्त्री' म्हणाला होता, काका नाही.

"पुस्तक आणा, वहिनी," मी म्हटलं.

त्यांनी ते टॉवेलात गुंडाळलेलं आणलं. दोनशे अकरावं पान आपसूक उघडलं. दोन बोल्ट, बाण, स्प्रिंगची आकृती. समासात बाजूची टीप नव्हती. खाली एकच ओळ होती, बाकीच्यांपेक्षा मोठ्या अक्षरात. वहिनींनी ती स्वतः वाचली, खिडकीत उभं राहून, खाली ऐकू जाईल अशी.

"इथे मी चुकले. डावा हात दाखवला."

ट्रकपाशी काहीच हललं नाही.

"हा तीन वर्षांचा होता," त्या मुलाकडे न बघता म्हणाल्या. "तापाने फणफणलेला. त्या पानाला पोचले तेव्हा उजाडलं होतं. टीप लिहायची राहिली. सकाळी छापलेलं वाचलं आणि तोच हात वर केला. तिकडचा बोल्ट गाडीचा उजवा. त्यांनी पाहिलं, तुम्हाला सांगितलं, उजवा सोड. भाऊजी, तुम्हाला बरोबर ऐकू आलं होतं."

"पण उस्ताद म्हणाले..."

"खोटं बोलले. माझ्यासाठी. खिडकीचं बाहेर आलं असतं. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी जेवण सोडलं होतं चार दिवस. पण खरं सांगितलं नाही. मीही नाही. ही ओळ खोडायला तीनदा रबर घेतलं. पान फाडायला हात उठेना. काल या म्हणाल्या पानन् पान बघणार, आणि हे म्हणाले काचेखाली ठेवणार."

"आणि आज सकाळी?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं.

"आज सकाळी मी दारात उभी होते," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही पाहिलंत. बोलता आलं असतं."

मुलगा भिंतीला धरून उभा होता. "काका," तो म्हणाला. "मिस्त्रीकाका, मी..."

मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते आपल्या हाताकडेही बघत नव्हते. ते चाळीस वर्षांचं गॅरेज बघत होते, एकेक पाना, एकेक खिळा.

"म्हणजे मला ऐकू आलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"उजवाच म्हणाले होते."

"हो, भाऊजी."

संग्राहकांनी घसा साफ केला. टिपांखाली आता कुणाचं नाव घालायचं, ते त्यांना हवं होतं. माणसं वाईट नसतात, फक्त त्यांची वेळ चुकते. वहिनी म्हणाल्या, "माझं घाला." मग पुस्तक मिटून म्हणाल्या, "याचं मात्र भाऊजी सांगतील ते. विका म्हणाले तर विका, जाळा म्हणाले तर जाळा."

"मला विचारू नका," मिस्त्री म्हणाले. "मोल करायला या बाई आल्यात ना? त्यांना करू दे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कार्ड काढलं. 'मोल त्यामुळे कमी करावे लागेल' ही ओळ खोडली आणि पुढे काय लिहावं ते सुचेना, म्हणून पेनाचं टोपण लावलं. नव्वद कार्डं नव्याने लिहायची होती. दोन दिवस तरी जाणार.

मिस्त्रींनी पाने एकेक करून पेटीत ठेवले. घाई केली नाही. पेटी बंद केली, फडक्याने हात पुसले, पाचही आणि तीनही, आणि दाराशी जाऊन पायात चपला सरकवल्या.

"भाऊजी," वहिनी खिडकीतून म्हणाल्या, "उद्या सह्या आहेत कराराच्या."

"उद्या मी येणार नाही."

मुलगा पुढे व्हायला लागला, मी त्याची बाही धरली.

"सव्वीस वर्षं स्वतःवर रागावलो," मिस्त्री म्हणाले. "एक दिवस तुमच्यावर रागावू द्या." त्यांनी दार लोटलं, ऊन आत आलं, आणि पाठमोरेच म्हणाले, "परवा येतो. ट्रक उघडा पडलाय."